धुतलेलं जवस

ज्या बीमध्ये तेल आहे ती आपल्यासमोर आली की निमूटपणे तेल सोडते, असं थोरलीचं म्हणणं होतं. म्हणणं कसलं, जाहीरनामाच तो. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, की बाटली भरायच्या आधी त्याला हे ऐकावं लागे. तीळ झाले, शेंगदाणे झाले, मोहरी, करडई, सूर्यफूल झालं. एरंडाची बी किती चिवट, पण तीसुद्धा थोरलीच्या घाण्यात चार फेरे खाल्ले की शरण येई. तेल कसं निघतं हे बाकीच्या घाणेवाल्यांना ठाऊक होतं. तेल का निघतं हे फक्त थोरलीला ठाऊक होतं. धाकानं!

दुसरा अभिमान धुण्याचा. तिच्या घाण्यात न धुतलेली बी जात नसे. तीळ हौदात धुऊन गच्चीवर वाळवायचे, मोहरी धुऊन वाळवायची, शेंगदाणेसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे. दुसरे लोक धुळीचं तेल काढतात, मी बियांचं काढते, असं ती उघड सांगायची. ‘येथे धुतलेल्या बियांचे शुद्ध तेल मिळेल’ अशी पाटीच तिनं दुकानावर रंगवून घेतली होती. शाळेत ती तिसरीच्या पुढे गेली नव्हती. पण त्या पाटीतलं एकेक अक्षर तिला स्वतःच्या पोरासारखं ओळखू येई.

तिच्या हाताखालून न गेलेली बी एकच. जवस. त्याला कारण होतं. सासऱ्यांनी दोन सुनांना धंदा वाटून दिला, तेव्हा थोरलीनं खायची सगळी तेलं आपल्याकडे ठेवली आणि जवस धाकट्या जावेच्या गळ्यात मारलं. रंगाऱ्यांचं आणि सुतारांचं तेल, त्याला कोण विचारतं, असा हिशेब. धाकटीनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. मागच्या गल्लीत आपला घाणा टाकला आणि जवसावर बस्तान बसवलं. पुढे ती कोणाजवळ तरी म्हणाली, की थोरल्यांच्या तेलाला साबणाचा वास येतो, फार धुतात त्या. ते थोरलीच्या कानावर आलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. मधली भिंत एक, मांजर एक, पाण्याची लाइन एक, पण बोलणं बंद.

इकडे थोरलीच्या लेकाचं काही वेगळंच चाललं होतं. त्याचं म्हणणं, हा लाकडी घाणा आता पुरे. कोण एवढं बी दळत बसतं? कंपनीचे तयार डबे आणून विकावेत, घाण्याच्या जागी मोठा फ्रीज ठेवावा, त्यात थंड बाटल्या ठेवाव्यात. जुनी यंत्रं विकत घेणारा एक माणूसही त्यानं गाठला होता. तो रविवारी घाणा पाहायला येणार होता. थोरलीनं दोन दिवस जेवणाच्या ताटावर न बोलता बसून दाखवलं. ती गप्प बसली की घराला ताप चढल्यासारखं होई. शेवटी लेक नरमला. म्हणाला, बरं, एखादं तरी कायमचं मोठं गिऱ्हाईक या घाण्याला आणून दाखव. दाखवलंस तर घाणा राहील, नाही तर रविवारी तो माणूस नेईल.

आणि त्याच दिवशी दुपारी सुतार आला.

सुतार म्हणजे गावातला जुना, कमी बोलणारा, कानामागे पेन्सिल ठेवून झोपत असावा असा माणूस. नव्या वाचनालयाची टेबलं, कपाटं, दारं त्यानं केली होती. आता लाकडाला जवसाचं तेल पाजायचं होतं. एरवी तो धाकटीकडून घ्यायचा, पण धाकटी माळ्यावरून पडली होती आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. बाजारातला डबा आणला तर त्यात कसली तरी भेसळ, लाकूड आठवडाभर चिकट राहिलं. तेव्हा थोरल्या बाई जवस काढतात का, एवढंच विचारायला तो आला होता.

“जवस म्हणजे काय चंद्रावरून येतं?” थोरली म्हणाली.

सुतारानं सांगितलं, की तेल रविवारी संध्याकाळपर्यंत हवं. चांगलं निघालं तर वर्षभराचं काम इथेच देईन. दारं आहेत, बाकं आहेत, खिडक्यांच्या काचा बसवायचं लुकण आहे, सगळ्याला हेच तेल लागतं. थोरलीनं एकदा लेकाकडे पाहिलं. लेक दारातच उभा होता. त्यानं मान हलवली. सुतार खूश तर घाणा राहिला. थोरलीनं सुताराला शब्द दिला आणि वर असंही सांगितलं, की आमच्याकडचं तेल धुतलेल्या बियांचं असतं, हे लाकडालाही कळेल.

जवसाचं पोतं आलं. बिया तपकिरी, चपट्या, चकचकीत, कोणी एकेक घासून पाठवल्यासारख्या. मुठीत धरल्या तर बोटांमधून पळत होत्या. पण पोत्याच्या तळाशी धूळ होती आणि धूळ म्हटलं की थोरलीचं डोकं फिरतं. तिनं पैलवानाला हाक मारली. पैलवान म्हणजे घाण्यावरचा गडी. अंगानं काडी, म्हणून नाव पैलवान. त्यानं हौद भरला आणि पोतं उचललं. तेवढ्यात सून स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

सून चांगली शिकलेली, पण सासूसमोर वाक्य पूर्ण करायची तिला सवय नव्हती. म्हणजे तशी संधीच मिळत नसे. ती म्हणाली, “आई, जवस पाण्यात घातलं ना, की ते... मी रोज चमचाभर भिजवून घेते पोटासाठी, तर ते...”

“चमचाभर औषध तुझं, पोतंभर धंदा माझा,” थोरली म्हणाली. “ओत रे.”

पैलवानानं पोतं हौदात ओतलं. थोरलीनं त्याला दांडका दिला, ढवळत राहा म्हणाली, आणि आत जाऊन चहा घेतला. चहा तिनं सावकाश घेतला, कारण सुनेचं तोंड अजून काहीतरी सांगायला उघडं होतं आणि ते बंद होईपर्यंत बसणं भाग होतं.

ती परत आली तेव्हा पैलवान ढवळत नव्हता. दांडका हातात धरून तो हौदाकडे बघत होता. त्यानं दांडका वर उचलला, तर दांडक्याबरोबर पाणीही उठून उभं राहिलं. सगळं पाणी. लांबलचक, लोंबतं, त्यात बिया अडकलेल्या. मग ते सावकाश खाली बसलं. अख्ख्या हौदाला सर्दी झाली होती.

आता दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती. थोरलीनं व्यापाऱ्याला फोन लावला. बियांना डिंक लावून पाठवलास का, म्हणून त्याला चांगलं सुनावलं. पलीकडून व्यापाऱ्यानं विचारलं, की बाई, तुम्ही पाणी तर नाही ना घातलं. थोरलीनं त्याला सांगितलं, की प्रश्न विचारायची सवय तिच्या दुकानात फक्त तिला आहे, आणि फोन ठेवला.

डिंक असेल तर तो धुऊन काढायचा, सोपं होतं. तिनं आणखी पाणी सोडायला लावलं. ते आणखी पाणीही घट्ट झालं. मग तिला वाटलं, तेलकट भांडी कशानं निघतात? गरम पाण्यानं. घरातली होती नव्हती ती पातेली चुलीवर चढली आणि उकळतं पाणी हौदात गेलं. गरम पाणी मिळाल्यावर जवसाला जणू आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. ते असं फुगलं, की हौदाच्या काठावरून ओठ काढून बाहेर डोकावायला लागलं.

थोरलीनं बाह्या वर केल्या. बूट घाल आणि आत उतर, असं तिनं पैलवानाला सांगितलं. चाळणीनं बिया वर काढायच्या, पाणी खाली राहील. पैलवान गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून उतरला. उतरला तो उतरलाच. डावा पाय उचलला तर उजवा खाली जाई, उजवा उचलला तर डावा. थोरली आणि सून दोघींनी दोन बाजूंनी काखेत हात घालून त्याला ओढला, तेव्हा पैलवान बाहेर आला आणि बूट हौदातच राहिले. बाहेर येऊन त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आत ऊब मात्र छान आहे.

मग थोरलीनं हौदाचं बूच काढलं.

तिचा विचार असा, की पाणी जाईल आणि बिया राहतील. पण इथे पाणी कुठलं आणि बिया कुठल्या, हे ठरवणारा उरलाच नव्हता. ते सगळं मिळून, एकमेकांचा हात धरून, मोरीकडे निघालं. मोरीत गेलं, नळीत गेलं, तिथे थोडा वेळ विचार केला आणि जिथे वाट दिसली तिथे वर आलं. वाट दिसली ती शेजारच्या पार्लरच्या बेसिनमध्ये.

पार्लरवाली धावत आली. हातात कात्री, मागोमाग एक गिऱ्हाईक, अर्धे केस कापलेली आणि अर्धे ओले. पार्लरवाली एरवी इतकी नेटकी बाई, पण आज तिचे केस डोळ्यांवर आले होते.

“बाई, माझ्या बेसिनमधून काहीतरी वर येतंय आणि मला वाटतं ते जिवंत आहे,” ती म्हणाली. आणि त्याच हातानं, ज्यानं बेसिन उपसलं होतं, तिनं डोळ्यांवरचे केस मागे सारले.

केस मागे गेले आणि मागेच राहिले.

पार्लरवालीनं मान हलवली. केस हलले नाहीत. तिनं दुकानाच्या काचेत पाहिलं. पुढे जाऊन पाहिलं, एका बाजूनं पाहिलं. मग तिचा आवाज एकदम खाली आला आणि हे नक्की काय आहे, असं तिनं विचारलं. थोरली तिला शांतपणे म्हणाली, की हे मुद्दाम केलंय, जवसाचं असंच करतात. पार्लरवालीनं केसांना लावायला त्या चिकट्याची एक बादली मागितली. थोरलीनं उपकार केल्यासारखी बादली भरून दिली. अर्धे केस कापलेली बाई या सगळ्या वेळात काहीच बोलली नाही. तिला बहुधा वाटलं असावं, की इथे हे रोजचंच आहे.

हे एवढं होईतो लेक वरून खाली आला. बँकेत कोणाला तरी भेटायला निघाला होता, म्हणून नवी कोरी लिननची पँट घातली होती. या पँटीचं घरात फार कौतुक होतं. इस्त्रीला सुनेखेरीज कोणाला हात लावू देत नव्हता. त्यानं अंगणात पाय टाकला, तो पाय पुढे गेला, तो मागे राहिला, आणि मग सगळाच खाली बसला. लिनन जवसाच्याच देठापासून करतात, हे नंतर सुनेनं सांगितलं. देठ आणि बी, एकाच झाडाची लेकरं, किती दिवसांनी भेटली होती. सुटायला तयार होईनात. लेकाला उठवलं तेव्हा पँटीबरोबर अंगणाचा बराचसा भाग उठला.

लेक फक्त म्हणाला, “रविवारी तो माणूस येतोय, आई.”

“येऊ दे,” थोरली म्हणाली. “रविवारी सुतारही येतोय.”

जे काही हौदात, मोरीत आणि अंगणात उरलं होतं ते तिनं भरून घेतलं आणि गच्चीवर चादरींवर पसरून टाकलं. ऊन चांगलं होतं. वाळलं की बिया सुट्या होतील, असा तिचा ठाम हिशेब. सून कठड्याशी उभी राहून काहीतरी म्हणणार होती, पण आता तिनं स्वतःहूनच तोंड मिटलं. शिकायला तिलाही येत होतं.

दुसऱ्या दिवशी वर जाऊन बघतात तो चादरी राहिल्याच नव्हत्या. दारं झाली होती. पैलवानानं एका चादरीवर बोटानं टकटक केलं, तर आतून कोणीतरी ‘कोण आहे’ म्हणून विचारेल असा आवाज आला. थोरलीनं हातोडा मागवला. दारं फोडली, तुकडे केले, चादरीचे जे धागे निघाले ते काढले, निघाले नाहीत ते राहू दिले, आणि सगळं घाण्यात टाकून बटण दाबायला लावलं. घाणा एक फेरा फिरला. दुसरा अर्धा फिरला. मग त्यानं म्हाताऱ्या माणसासारखा घसा साफ केला आणि गप्प झाला. लाट, म्हणजे बी चिरडणारा उभा लाकडी दांडा, उखळात रुतून बसली. ती ना वर येईना ना फिरेना.

तेव्हा मात्र थोरली पहिल्यांदा खाली बसली. घाण्याशेजारी तिचं एक तीन पायांचं स्टूल होतं, त्यावर. ती रडली नाही, ती काही रडणाऱ्यातली नव्हती. तिनं हातानं लाट हलवून पाहिली, मग पदार्थ चांगला की वाईट हे पाहावं तसं बोट नाकाशी नेलं. वास गवताचा होता.

रविवारी सकाळी जुनी यंत्रं घेणारा आला. जाडजूड माणूस, हातात टेप, पायात तळ झिजलेले बूट. थोरलीनं अंगण दोनदा धुतलं होतं, पण जवसाला पाणी दाखवलं की ते संपत नाही, ताजं होतं, हे ध्यानात यायला अजून अवकाश होता. त्या माणसानं नमस्कार केला, एक पाऊल टाकलं, आणि उरलेलं अंतर त्याला चालावं लागलं नाही. तो सरळ घसरत गेला आणि घाण्याला मिठी मारून थांबला. तिथे बसून त्यानं जमिनीवर हात फिरवला, बोटं चोळली, घाण्याच्या बुडाशी वाकून पाहिलं.

“हे यंत्र गळतं,” तो म्हणाला. “एवढं गळणारं यंत्र मला फुकट दिलं तरी नको.”

थोरलीला इथे खरं तर देव पावला होता. तोंड मिटून उभं राहायचं, एवढंच काम होतं. पण माझा घाणा गळतो? तिच्या अंगाची लाही झाली. तिनं त्या माणसाला घाणा वरपासून खालपर्यंत दाखवायला घेतला. लाकूड बघा म्हणाली. सांधा बघा, एक केस जाणार नाही. मोटर नवी. असा घाणा तुम्हाला शोधून मिळायचा नाही, आत्ता नेलात तरी उद्यापासून चालेल. तो माणूस पुन्हा वाकून बघायला लागला. त्याचा चेहरा बदलत चालला. लेक मागे उभा राहून आईकडे असा बघत होता, जणू जन्मात पहिल्यांदाच ती त्याच्या बाजूनं बोलते आहे. शेवटी सुनेनं पुढे होऊन सासूच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. थोरली वाक्याच्या मध्यावर थांबली. त्या माणसानं लाट हलवून पाहिली, ती हलली नाही, आणि तो भिंतीला धरून धरून निघून गेला.

लेक म्हणाला, हा गेला तर दुसरा येईल. बोली सुताराची होती, ती तशीच आहे. संध्याकाळपर्यंत तेल दाखव.

सून सासूला आत घेऊन गेली आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिनं एक अख्खं वाक्य पूर्ण केलं. “आई, काकूंना विचारल्याशिवाय हे सुटणार नाही.”

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं चपला घातल्या. अपघात झाल्यावर माणसाला बघायला जावं लागतं, हात मोडलाय तिचा, अजून आपल्या घरातून कोणी गेलं नाही, बरं दिसत नाही, असं ती वाटेत सुनेला समजावत गेली. सुनेनं मान हलवली. मागची गल्ली पाच पावलांवर, पण थोरलीनं मोठ्या रस्त्यानं फेरी मारून गाठली. चालायला तेवढाच वेळ मिळतो.

धाकटी दारात खुर्ची टाकून बसली होती. हात गळ्यात. तिनं थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, चपलांकडे पाहिलं. चपलांना काठानं तपकिरी बियांची किनार होती.

“धुतलंत?” धाकटी म्हणाली.

थोरलीनं पाय मागे घेतले. धाकटी हसायला लागली. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग तिचं प्लास्टर खुर्चीवर आपटायला लागलं आणि ती एका हातानं दुसरा हात धरून, आई गं, आई गं, करत हसत राहिली. थोरली उभी होती तशीच उभी राहिली. आलेली गोष्ट घेतल्याशिवाय ती कुठूनच परत फिरत नसे.

“झालं का हसून तुझं?” तिनं विचारलं.

“नाही, जाऊबाई. थोडं रात्रीसाठी ठेवते,” धाकटी म्हणाली. “कशाला आलात ते सांगा.”

थोरलीनं सांगितलं. फार थोडक्यात. सुताराचं नाव ऐकल्यावर मात्र धाकटीचं हसू गळालं. सुतार हातचा गेला तर तो बाजारातल्या डब्याकडे जाणार आणि हात बरा होईतो तिकडेच रुळणार, हे तिला कळत होतं. एका हातानं तिला घाणा चालवता येत नव्हता. आणि थोरलीला दोन हात होते, पण अक्कल नव्हती. हे शेवटचं धाकटी मोठ्यानं म्हणाली. थोरलीनं गिळलं. तिला ते एरंडेलापेक्षा जड गेलं.

मग अटी झाल्या. बी धाकटीची, कोरडी, चाळलेली. चाळण धाकटीची. जवसाच्या आसपास पाण्याचा थेंब दिसता कामा नये. आणि घाणा चालेल तेव्हा धाकटी स्वतः शेजारी बसेल.

“बस की,” थोरली म्हणाली. “बसायला कोण नको म्हणतं.”

ती काय बोलून गेली हे तिला नंतर कळलं. धाकटी आली, घाण्याभोवती एकदा फिरली, आणि थोरलीच्या तीन पायांच्या स्टुलावर बसली. घाण्याजवळ बसायची जागा ती एकच. त्या स्टुलावर आजवर थोरलीखेरीज मांजरसुद्धा बसलं नव्हतं.

तिथून धाकटीचा अंमल सुरू झाला. उखळात कोरडी शेंगदाण्याची पेंड टाका म्हणाली. लाट हातानं हलवा, पाणी नको, पाणी नको म्हटलं ना. पेंडीनं तो चिकटा ओढून घेतला, पैलवान आणि थोरली लाटेला लोंबकळली, आणि कर्र करून लाट सुटली. मग बी आली. धाकटीनं पंखा लावायला लावला, पंख्यापुढे बी चाळणीतून सोडायला लावली. धूळ उडून गेली. एवढ्यानंच! थोरली बघत राहिली. पाण्याचा थेंब नाही, आणि बिया आरशासारख्या.

घाणा फिरायला लागला. जरा हळू. आता थांबवा. आता चार मुठी. पैलवान धाकटीच्या तोंडाकडे बघून काम करायला लागला, आणि थोड्या वेळानं थोरलीही करायला लागली. तिला त्याचं भान नव्हतं. ती भरलेल्या टोपल्या आणत होती, पेंड काढत होती, तिच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि स्वतःच्या घाण्याशेजारी ती सबंध दिवस उभी होती. मग नळीतून पहिली धार आली. सोनेरी, जाडसर, गवताच्या वासाची. दोघी एकदमच वाकल्या आणि दोघींनी एकदमच बोट पुढे केलं.

संध्याकाळी सुतार आला. सोबत लाकडाची एक फळी घेऊन आला होता. तेलाचा थेंब अंगठ्यावर घेतला, वास घेतला, फळीवर चोळला, फडक्यानं पुसला, पुन्हा चोळला. लेक दारात उभा. फळीच्या आतल्या रेघा एकेक करून वर आल्या. सुतारानं मान वर केली. स्टुलावर बसलेल्या धाकटीकडे पाहिलं, उभ्या थोरलीकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून एका वर्षात निघत नसतील एवढे शब्द निघाले.

“बरं झालं दोघी एक झालात ते,” तो म्हणाला. “एकीचं जवसाचं ज्ञान आणि एकीचा घाणा. आता मला काळजी नाही. वर्षभर इथूनच घेतो.”

आम्ही एक झालेलो नाही, असं सांगायला दोघींचीही तोंडं उघडली. पण हे सांगितलं तर तो विचारणार, की मग तेल नक्की कोणाचं? थोरलीनं सांगितलं असतं तर धाकटीचं झालं असतं, धाकटीनं सांगितलं असतं तर घाणा थोरलीचा निघाला असता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींनी तोंडं मिटली. लेकानं खिशातून फोन काढला आणि यंत्रवाल्याचा नंबर पुसून टाकला.

तर घाणा राहिला. थोरलीनं ते गल्लीभर सांगितलं, अर्थात आपल्या पद्धतीनं. जवसालाही शेवटी शरण यावं लागलं, असं. पार्लरवाली मधूनमधून येऊन एक बादली मागू लागली, ती थोरली पहाटे उठून गुपचूप करून देई. नळीत तिनं जाळीही बसवून घेतली होती. सगळं बरं चाललं होतं. एक सोडून. जवस काढायचं असलं की धाकटी यायची, आणि यायची ती थोरलीच्या आधी. थोरली दुकानातून मागे येईपर्यंत स्टुलावर बसून पैलवानाला हुकूम सोडत असायची. थोरलीनं एकदा खुर्ची आणून ठेवली, तर ती एवढी बुटकी निघाली, की वर मान करून बोलावं लागलं. धाकटीशी! वर मान करून!

हे काही थोरली सहन करणार नव्हती. तिनं विचार केला, ठरवलं, आणि एका दुपारी दुकान सुनेवर टाकून तडक सुताराच्या कारखान्यात गेली. भांडण नको, वाद नको. ज्याचं त्याला स्टूल असलं की झालं. फक्त ते कसं असावं हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

सुतार रंधा मारत होता. थोरलीनं त्याला सांगितलं, की एक स्टूल हवं, तीन पायांचं, मजबूत. सुतारानं कानामागची पेन्सिल काढली आणि उंची विचारली.

“आमच्या जुन्या स्टुलापेक्षा बोटभर जास्त,” थोरली म्हणाली. “बोटभरच. कोणाच्या डोळ्यावर यायला नको.”

सुतारानं ते माप एका फळकुटावर काढलं. मग पेन्सिल खाली न ठेवता त्याच्या शेजारी आणखी एक रेघ मारली, थोडी वर. थोरलीनं विचारलं, ही दुसरी कशाची.

“ही धाकट्या बाईंच्या स्टुलाची,” सुतार म्हणाला. “त्या कालच येऊन गेल्या. मी उंची विचारली तर म्हणाल्या, घाई नाही, उद्या आमच्या जाऊबाई येतील, त्या जे सांगतील त्याच्यावर बोटभर ठेवा.”